संध्याकाळची हाक : पिलांना खुराड्यात परतायला कसे शिकवावे

शास्त्रभाग : लूककृत शुभवर्तमान १३:३१-३५



गेल्या वर्षी सुगीच्या उपासनेत आपल्या मंडळ्यांनी जे दान दिले, त्यातून गगनबावडा तालुक्यातील एका कातकरी वस्तीवर आपण कोंबडीची पिले वाटली होती. बारा कुटुंबे, प्रत्येकी पंधरा पिले, म्हणजे एकूण १८० पिले. त्या वेळचे छायाचित्र आपण याच वार्तापत्रात पाहिले असेल. त्यानंतर अनेकांनी मला उपासनेनंतर थांबवून विचारले, "ताई, कोंबड्या कशा आहेत? अंडी द्यायला लागल्या का?" मी दर वेळी थोडक्यात उत्तर देऊन विषय बदलला. आज पूर्ण उत्तर देते.

महिन्याभरात १८० पैकी ४३ पिले उरली. रोगाने फार मेली नाहीत. उपाशीही मेली नाहीत. ती संध्याकाळी घरी आली नाहीत, म्हणून गेली. हा दोष वस्तीचा नव्हता, माझा होता. पिले कशी निवडावी, लस कोणती, खाद्य किती, हे सगळे मी विचारून घेतले होते. पण दिवस मावळल्यावर या पिलांना खुराड्यात जायला कोण शिकवणार, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

हा पाठ त्या चुकीतून निघाला आहे. ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांना तो कामाला येईल. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांनीही शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे.

काय घडले

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. ते काम कधीच संपले. आता पावसाळ्यात शेतमजुरी, नदीओढ्यात मासे-खेकडे, आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. अशा घरात कोंबडी म्हणजे हाताशी असलेला पैसा. पोर आजारी पडले, कोंबडा विकला, दवाखान्याचा खर्च निघाला. म्हणूनच आपण कोंबड्या द्यायचे ठरवले होते, आणि तो विचार चुकीचा नव्हता.

पिले आम्ही चार आठवड्यांची आणली. जूनचा पहिला आठवडा होता. गगनबावडा हा आपल्या जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका, आणि आम्ही बरोबर पावसाच्या तोंडावर पिले नेली. खुराडी तयार होती. लाकडी, पत्र्याच्या छपराची, चांगली. पिले वाटली, प्रार्थना केली, फोटो काढले आणि अंधार पडायच्या आत कोल्हापूरला परतलो.

तिसऱ्या दिवशी वस्तीवरून फोन आला. मी गेले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि पाऊस सुरू होता. मोठी माणसे, लहान मुले, सगळी हातात काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन पिलांच्या मागे धावत होती. काही पिले फणसाच्या फांदीवर चढून बसली होती, काही लाकडाच्या ढिगाखाली, काही छपराच्या वळचणीला. धरायला गेले की ती आणखी लांब पळत होती. मीही छत्री टाकून धावले. तासाभरात आम्ही जेमतेम निम्मी पकडली. बाकीची रात्रभर पावसात राहिली. चार-पाच आठवड्यांच्या पिलांची पिसे पुरती भरलेली नसतात. ती भिजली की गारठतात आणि सकाळी ताठ झालेली सापडतात. जी वाचली त्यांना पुढच्या काही रात्रींत मुंगसाने आणि रानमांजराने उचलले.

एकाच घरात पंधरापैकी तेरा पिले शिल्लक होती. त्या घरात एक आजी एकटी राहते. मी तिला विचारले, "आजी, तुमची पिले कशी राहिली?" ती म्हणाली, "पाठीमागं लागलं की पळतंयच की ओ ताई. बोलवायचं असतंय त्यास्नी." मग थोड्या वेळाने, मला वाईट वाटू नये अशा बेताने, पुढे म्हणाली, "तुमी पिल्ली दिलीसा. पर त्येंची आई कुठं दिलीसा?"

या लेखात जे काही आहे, ते या दोन वाक्यांत आले आहे. पुढचे सगळे त्याचा विस्तार.

पिलांना घर का कळत नाही

खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते आणि पिले फुटल्यावर पुढे काही आठवडे त्यांना घेऊन हिंडते. दाणा सापडला की ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिले धावत येतात. घार दिसली की आवाज बदलतो आणि पिले दडतात. ऊन उतरले की ती हळूहळू घराच्या दिशेने चरत येते, खुराड्यात शिरते, आणि पिले तिच्या मागे शिरून पंखाखाली जातात. असे रोज घडते. संध्याकाळी घरी यायचे असते हे पिलाला कोणी वेगळे शिकवत नाही. आईच्या मागे चालून ते आपोआप शिकते.

उबवणी यंत्रातल्या पिलाला हे काहीच मिळत नाही. आपल्या कोल्हापुरात पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिले आज परसातील पालनासाठी खेडोपाडी जातात. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली जात, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. गावरान कोंबडीपेक्षा या अंडी जास्त देतात आणि वजनही लवकर धरतात. पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि यंत्रातून निघालेल्या पिलाने आई पाहिलेलीच नसते. त्याला ऊब दिव्याची मिळते आणि दाणा भांड्यातला.

असे पिलू मोकळे सोडले आणि अंधार पडू लागला की काय होते? कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. म्हणून उजेड कमी होऊ लागला की तिला आतूनच घाई होते, कुठेतरी उंचावर चढून बसावे. ही सवय तिच्या पूर्वजांची. घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत करडा रानकोंबडा आहे. वस्तीच्या मागच्या जंगलात पहाटे त्याचीच बांग ऐकू येते. हे दोन्ही रात्री झाडावर झोपतात. तेव्हा पिलू फणसावर चढले, यात त्याचा हट्ट नाही आणि मूर्खपणाही नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच वागले. खुराडे हे आपले घर आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

त्यात काठी घेऊन पाठलाग केला की पिलू दुसरा धडा शिकते, आणि तो अगदी पक्का शिकते : संध्याकाळ झाली की माणसे मागे लागतात आणि खुराड्यात कोंबतात. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आणि आणखी उंच चढते.

आधी खुराडे, मग पिले

पिले आणण्याआधी खुराडे तयार हवे, आणि ते पिलाला आत जावेसे वाटेल असे हवे. आमची खुराडी दिसायला चांगली होती, पण आत काळोख होता. बाहेर अजून थोडा उजेड आणि आत गच्च अंधार, अशा भोकात कोंबडी शिरत नाही. आता आम्ही खुराड्याची एक बाजू जाळीची ठेवतो. जाळी अर्ध्या इंचाची लावावी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आत येते, सापही येतो. पावसाची झड येते ती बाजू मात्र बंद ठेवावी.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावे, म्हणजे खालून ओल येत नाही आणि जनावर उकरून आत शिरत नाही. दारापर्यंत चढायला एक रुंद फळी तिरकी लावावी आणि तिच्यावर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. आत बसायला आडव्या काठ्या हव्यात. हे फार महत्त्वाचे आहे. कोंबडी काठीवर बसून पाय मुडपते तेव्हा पायातली शीर ताणली जाऊन बोटे आपोआप काठीला घट्ट धरतात, त्यामुळे ती झोपेतही पडत नाही. खुराड्यात काठी नसेल तर तिला झाडच बरे वाटणार. लहान पिलांसाठी पहिली काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावी. ती मोठी होतील तशी वरच्या काठीवर जातील. काठी गोल, सालपटे काढलेली आणि फटी नसलेली असावी. एका पूर्ण वाढलेल्या कोंबडीला साधारण वीतभर जागा धरावी.

तळाला भाताचे तूस टाकावे आणि ते कोरडे ठेवावे. ओल्या तुसातून उग्र वास सुटतो, पिलांचे डोळे चुरचुरतात आणि ती आत जायला तयार होत नाहीत.

डब्याचा आवाज पहिल्या दिवसापासून

पिले एक दिवसाची आणली असतील तर पहिले काही आठवडे त्यांना दिव्याची ऊब लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापक नसला तरी अडत नाही, पिलांकडे पाहावे. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे. दिव्यापासून लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून चरत असतील तर ठीक आहे. लसीकरण चुकवू नये. पहिल्या आठवड्यात लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर टू बी, हे नेहमीचे वेळापत्रक आहे. आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ते पक्के करावे.

परतण्याचे शिक्षणही याच दिवसांत सुरू होते, आणि हेच आम्ही केले नव्हते. पत्र्याच्या एका डब्यात मूठभर कण्या घ्याव्यात. खाद्य टाकण्याआधी दर वेळी तो डबा वाजवावा आणि एकच हाक द्यावी. आपल्याकडे "ती-ती-ती" अशी हाक घालतात, तीच द्यावी. आवाज आधी, दाणा नंतर. काही दिवसांत डबा वाजला की पिले धावत येऊ लागतात. खुडूक कोंबडी दाणा दाखवताना करते, तेच आपण डब्याने करतो. घरातल्या ज्या माणसाने पुढे संध्याकाळी खुराडे बंद करायचे आहे, शक्यतो त्यानेच ही हाक द्यावी. वस्तीवर हे काम बहुतेक घरांत मुलींनी घेतले, आणि त्या फार चांगले करतात.

आठ दिवस बंद

पाच-सहा आठवड्यांनी पिसे भरली की पिले खुराड्यात न्यावीत. आता लगेच मोकळी सोडू नयेत. सात-आठ दिवस त्यांना खुराड्यातच ठेवावे. तिथेच खाणे, तिथेच पाणी, तिथेच झोप. खुराड्याला लागून जाळीचे छोटे अंगण करता आले तर उत्तम. त्या आजीने एवढेही केले नव्हते. तिने पिले झोपडीच्या कोपऱ्यात डालग्याखाली डालली होती आणि आठ दिवस तिथेच चारली होती. तत्त्व एकच आहे. ज्या जागी आठ रात्री निर्धास्त झोप लागली आणि पोट भरले, ती जागा पिलाच्या मनात घर म्हणून बसते.

या दिवसांत लोक अधीर होतात. "ताई, कोंबडी काय कोंडून ठेवायला दिली का?" असे मला एका भावाने विचारले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कोंबडी परसात चरली नाही तर विकतचे खाद्य संपते, आणि विकतचे खाद्य त्याला परवडत नाही. म्हणून या आठ दिवसांचे खाद्य आता आपण पिलांबरोबरच देतो. कण्या, मक्याचा भरडा आणि पिलांचे तयार खाद्य मिसळून.

मग संध्याकाळी सोडा, सकाळी नव्हे

आठ दिवसांनंतर पहिल्यांदा सोडायचे ते सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, आणि संध्याकाळचा दाणा देण्यापूर्वी. पिले भुकेली असतात, फार लांब जायला वेळ नसतो, आणि उजेड उतरू लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने डबा वाजवावा, हाक द्यावी आणि दाणा खुराड्याच्या आत टाकावा. संध्याकाळी बाहेर एकही दाणा टाकू नये. काही पिले लगेच आत जातील. त्यांच्यामागे बाकीची जातील. आत उजेड कमी वाटत असेल तर एक छोटा दिवा खुराड्यात थोडा वेळ टांगावा. सगळी काठीवर बसली की दिवा काढून घ्यावा.

पहिल्या संध्याकाळी दोन-चार बाहेर राहतीलच. त्यांच्या मागे धावू नये. स्वस्थ बसावे. पूर्ण अंधार पडू द्यावा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती बसल्या जागी गप्प राहते. मग बॅटरी तिच्या डोळ्यांवर न मारता जवळ जावे, दोन्ही हातांनी पंख अंगाला धरून अलगद उचलावे, आणि खुराड्यात नेऊन काठीवर ठेवावे. फेकू नये, पायाला धरून उलटे नेऊ नये. रात्री ती काठीवर झोपली आणि सकाळी खुराड्यात जागी झाली, की अर्धे काम झाले. सलग तीन-चार रात्री हे केले की बहुतेक पिले स्वतःहून येऊ लागतात. झाडावरच चढायची सवय लागलेले एखादे पिलू जास्त रात्री घेते. त्याला जास्त रात्री द्याव्यात.

दार लावण्यापूर्वी रोज मोजावे. पंधरा म्हणजे पंधरा. चौदा असतील तर त्याच रात्री शोधावे. सकाळी शोधले तर पिसे मिळतात.

चार-पाच संध्याकाळी सगळी नीट परतली की दुपारपासून सोडावे, आणि त्यानंतर सकाळपासून. खुराडे या काळात हलवू नये. आमच्या एका ताईने पाऊस लागतो म्हणून खुराडे घराच्या दुसऱ्या बाजूला नेले. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या जुन्या रिकाम्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. घर त्यांना जागेवरून कळते, लाकडावरून नाही. हलवावेच लागले तर पुन्हा काही दिवस बंद ठेवून पहिल्यापासून सुरुवात करावी.

पिले आत जात नसतील तर आधी खुराडे पाहा

घरात जुन्या कोंबड्या असतील तर नवीन पिले बाहेर थांबण्याचे कारण बहुधा त्याच असतात. कोंबड्यांत मानपान फार. कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो, आणि नवीन आलेले पिलू सर्वांत खाली. दारातच टोचा बसत असतील तर ते आत कसे जाणार? अशा वेळी खुराड्यात मधे जाळी लावून आठवडाभर दोघांना एकमेकांना नुसते दिसू द्यावे. दाण्याची भांडी दोन ठेवावीत, पाण्याचीही दोन. पुढे एकत्र करायचे ते रात्री काठीवर झोपल्या असताना करावे.

रोज येणाऱ्या कोंबड्या एकाएकी यायच्या बंद झाल्या तर त्यांना रागावण्याआधी रात्री बॅटरी घेऊन काठ्यांची टोके आणि फटी पाहाव्यात. लाल रंगाचे बारीक कीटक दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. खुराडे रिकामे करून, तूस जाळून, फटींत चुना भरावा आणि दवाखान्यातून औषध आणावे. कधी आत उंदीर-घूस असते, कधी साप येऊन गेलेला असतो. कोंबडी घरी येत नाही याचा अर्थ पुष्कळदा घरात काहीतरी बिघडले आहे.

दुसरी खेप

मागच्या ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, आम्ही पुन्हा पिले नेली. या खेपेला ६० पिले, सहा कुटुंबांना प्रत्येकी दहा. नेण्याआधी खुराड्यांच्या जाळ्या बदलल्या. आजीला विचारले, "तुम्ही शिकवाल का?" ती आधी हसली आणि मग तयार झाली. शिकवणी तिच्या अंगणात झाली. मी आणि आपल्या तरुण संघातील दोघे जण आठ संध्याकाळी आळीपाळीने वस्तीवर थांबलो, आणि पिले सोडण्याची वेळ आली तेव्हा आणखी चार. पहिल्या दिवशी नऊ पिले बाहेर राहिली, चौथ्या दिवशी दोन, सातव्या दिवशी एकही नाही. फेब्रुवारीअखेर ६० पैकी ५२ जिवंत होती. गेलेल्या आठपैकी तीन घारीने नेली, त्यावर आपला इलाज नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आठवड्यात पहिले अंडे मिळाले. ज्या घरात मिळाले तिथल्या मुलीने ते मला दाखवायला जपून ठेवले होते. मी तिला म्हटले, आता हे तू खा.

पण सगळे जमले असे मी लिहू शकत नाही. दिवाळीनंतर सहा कुटुंबे भट्टीवर गेली. त्यांना या खेपेत पिले देता आली नाहीत, कारण खुराड्याचे दार लावायलाच कोणी नव्हते. ज्यांना कोंबडीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती ठेवता येत नाही. त्यांच्याशी बसून आम्ही असे ठरवले आहे की येत्या पावसाळ्यात त्यांना आठ आठवडे पूर्ण झालेली, लसीकरण झालेली पिले द्यायची आणि कोंबडे दिवाळीपूर्वी विकायचे. माद्या आजी आणि मागे राहणारी कुटुंबे सांभाळतील, अंड्यांत वाटा ठरवून. जमेल की नाही ते दिवाळीला कळेल. जे होईल ते मी इथेच लिहीन.

शास्त्रभागाकडे

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, आणि लूक १३ वर मी निदान चार वेळा तरी बोलले असेन. त्या उताऱ्यात प्रभू येशू यरुशलेमेविषयी शोक करताना स्वतःला कोंबडीची उपमा देतो, पिलांना पंखाखाली गोळा करणाऱ्या कोंबडीची. त्याच्या दोनच वचने आधी तो हेरोदाला खोकड म्हणतो. खोकड आणि कोंबडी अशी शेजारी-शेजारी आहेत, हे मला वस्तीवरून आल्यावर पहिल्यांदा दिसले. खोकड पिलाच्या मागे धावते. कोंबडी बसते, पंख पसरते आणि बोलावते. तिच्याकडे दुसरे बळ नाही. पिले आली नाहीत तर तिला दुःख होते, पण ती त्यांना फरफटत आणत नाही. आणि प्रभू म्हणतो की आपण हे एकदा नव्हे, अनेकदा केले.

आपल्या सेवेत मी पुष्कळदा मागे धावले आहे. सभेला या, बचतगटात नाव घाला, मुलांना शाळेत घाला, फोटोला उभे राहा. लोक पळाले की मी म्हणायचे, यांना स्वतःचे भले कळत नाही. त्या पावसातल्या संध्याकाळी हातात बॅटरी घेऊन पिलांमागे धावताना मी कशी दिसत होते, ते आता मला कळते. वस्तीने मला आठ संध्याकाळी आपल्या अंगणात बसलेले पाहिले, त्यानंतर तिथल्या बाया माझ्याशी भट्टीच्या उचलीबद्दल, कर्जाबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या. मी काही विचारले नव्हते.

म्हणून या वेळी माझी विनंती पैशांची नाही. येत्या जुलैमध्ये पुढची पिले जातील. प्रत्येक मंडळीतून दोन माणसे हवीत, जी सलग आठ संध्याकाळी वस्तीवर येऊन बसतील, डबा वाजवतील, मोजतील आणि अंधार पडल्यावर परततील. कोंबड्यांची माहिती नसली तरी चालेल. आजी शिकवेल.

गटात चर्चेसाठी

१. यंत्रातून निघालेले पिलू आणि आईमागे वाढलेले पिलू यांत काय फरक पडतो? आपण मदत म्हणून जे देतो, त्यात "आई" कोणती असते?

२. पिलाला आठ दिवस खुराड्यात का ठेवायचे? आपल्या मंडळीत नवीन आलेल्या माणसाला आपण किती वेळ देतो?

३. खुराड्यात न जाणाऱ्या कोंबडीला दोष देण्याआधी खुराडे तपासावे, असे या पाठात आले आहे. मंडळीत येणे थांबवलेल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करा. आपण काय तपासले?

४. लूक १३:३१-३५ मोठ्याने वाचा. खोकड आणि कोंबडी यांच्या वागण्यातला फरक आपापल्या शब्दांत सांगा.

प्रार्थनेसाठी : भट्टीवरून परतणारी सहा कुटुंबे, वस्तीवरील आजीची प्रकृती, आणि जुलैमध्ये संध्याकाळी येऊन बसणारी माणसे.